वाटपाच्या यादीतून सभासदांच्या वहीत: इंदूरच्या एका व्हिन्सेंट गटाचं प्रकरण

गरिबांना मदत करणारा आमच्या पॅरिशमधला हा कॅथलिक गट कधी बंद पडला नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की पॅरिश हॉलच्या मागच्या खोलीत सभा भरायची. सुरुवातीची प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, गुप्तदानाची कापडी थैली एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, चहा-समोसा, शेवटची प्रार्थना. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. वहीची पानं उलटली तर मात्र महिन्यामागून महिने एकच वाक्य दिसायचं: 'नेहमीप्रमाणे रेशनवाटप झाले.'

मी या गटाचा सभासद नाही. पॅरिशचे हिशेब पाहणाऱ्या मंडळींत आहे, त्यामुळे गटाची वही आणि पासबुक वर्षातून एकदा माझ्यासमोर येतं. वसई आणि नगरकडच्या काही ओळखीच्यांनी 'तुमच्याकडचा गट पुन्हा उभा कसा राहिला' असं विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. माणसांची आणि पॅरिशची नावं मुद्दाम गाळली आहेत.

गट कसला, आणि कसा झाला होता

संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाची ही संस्था मूळची पॅरिसची. २३ एप्रिल १८३३ रोजी काही विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. त्यांच्यातला फ्रेडरिक ओझानाम त्या दिवशी बरोबर वीस वर्षांचा झाला होता. वादसभेत विरोधकांनी टोमणा मारला होता की तुमच्या धर्मानं पूर्वी केलं असेल बरंच काही, आज काय करता ते दाखवा. या पोरांनी उत्तरादाखल भाषण केलं नाही. आपल्याजवळ उरलेली जळाऊ लाकडं उचलली आणि एका गरीब घरी नेऊन दिली. पुढे सिस्टर रोझाली रांदू या अनुभवी बाईंनी त्यांना वस्तीतल्या घरांची दारं दाखवली. दोघादोघांनी जायचं, घरी जाऊन बसायचं, माणसाची ओळख करून घ्यायची, ही रीत तेव्हापासूनची. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानामला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते पॅरिसमध्येच.

आमच्या गटानं या रीतीतलं नेमकं 'घरी जाऊन बसणं' सोडून दिलं होतं. एकदम नव्हे, हळूहळू. सभासद साठीपलीकडचे झाले, जिने चढवेनात, मग घरी जाण्याऐवजी लोकांनाच पॅरिशमध्ये बोलावायला सुरुवात झाली. कोविडमध्ये काही जण गेले, काहींना मुलांनी घराबाहेर पडू दिलं नाही. उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंदूरच्या पॅरिशमध्ये मल्याळी, गोवेकर, मंगळूरकर, तमिळ आणि आम्ही थोडे मराठी, अशी सरमिसळ असते. मराठी घरं बहुतेक रेल्वेच्या, महूच्या लष्करी छावणीच्या नाहीतर शाळेतल्या नोकरीच्या निमित्तानं इथे आलेली. गटात या सगळ्यांचा एकेक-दोघेदोघे म्हातारा प्रतिनिधी होता. आणि वाटपाच्या यादीत कोण? जवळजवळ सगळे झाबुआ-अलिराजपूरकडचे भिल्ल कॅथलिक. बांधकामावरचे मजूर, वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या बाया. देणाऱ्यांची वही एक, घेणाऱ्यांची यादी दुसरी, आणि इतक्या वर्षांत एकही नाव इकडून तिकडे गेलं नव्हतं. मला स्वतःला ते खटकलं होतं असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच खटकलं नव्हतं.

आधी केलेले उपाय

हे थोडक्यात उरकतो, कारण तुमच्याही पॅरिशमध्ये हेच झालं असेल. मिस्सानंतर दारात टेबल मांडून सभासदत्वाचे फॉर्म ठेवले. युवादिनाला भाषण झालं. 'नवे रक्त हवे' असा फलक लागला. काही मुलांनी फॉर्म भरले, पहिल्या सभेला आली, इतिवृत्त कायम होताना पाहिलं आणि दुसऱ्या सभेला आली नाहीत. यावर ज्येष्ठांचं म्हणणं, हल्लीच्या पोरांना श्रद्धा नाही. मला हे पटत नाही. तीच पोरं ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला हजर असतात. त्यांना प्रार्थनेचा कंटाळा नव्हता. चौदा मिनिटांच्या कामासाठी दीड तासाची सभा त्यांना झेपत नव्हती.

वॉचमन

बदल सुरू झाला तो एका नकारापासून. वाटपाच्या यादीत एक वॉचमन होता, चाळिशीतला, अलिराजपूरकडचा. एका वाटपाच्या दिवशी त्यानं पिशवी घेतली नाही. सचिवकाकांना म्हणाला, "अंकल, राशन रहने दो. साला एमवाय में भरती है। कोई साथ चलो।"

एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय. होळकरांच्या नावाचं हे सरकारी रुग्णालय साऱ्या माळवा-निमाडचा आधार आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी, अलिराजपूर, कुठलाही गंभीर रुग्ण शेवटी इथे येतो. रुग्ण आत खाटेवर आणि त्याच्याबरोबर आलेले बाहेर आवारात: एक चादर, एक गाठोडं, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद.

सचिवकाका मूळचे संगमनेरचे, रेल्वेतून निवृत्त. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेला माणूस. खिडकीबाहेरच्याचं काय चुकतं हे त्यांना नेमकं ठाऊक. ते गेले आणि कागदांची पिशवी उघडून बसले. आयुष्मान कार्ड निघत नव्हतं. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत मिळतो, पण कार्डासाठी आधार लागतं आणि मध्य प्रदेशात त्याबरोबर समग्रचा, म्हणजे राज्याच्या रहिवासी नोंदणीचा, नऊ आकडी क्रमांकही. वॉचमनच्या या मेहुण्याचं नाव आधारवर एक आणि समग्रमध्ये दुसरं: एकीकडे बापाचं नाव जोडलेलं, दुसरीकडे जात जोडलेली, आणि जन्मसालात पाच वर्षांचा फरक. तो निरक्षर नव्हता, सही करायचा. पण दोन कागदांवर आपण दोन वेगळी माणसं आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनी वहीचं पान फाडून त्यावर क्रमानं लिहून दिलं: आधी कुठे जायचं, तिथे काय मागायचं, मग कुठे. वॉचमननं ते भिलालीत, त्यांच्या बोलीत, समजावलं. मग शेजारच्या चादरीवरचा म्हातारा सरकत आला आणि त्यानं आपली पिशवी पुढे केली. त्याच्यानंतर एक बाई आली.

त्या संध्याकाळी काका परतले तेव्हा त्यांच्या हाती दोन गोष्टी लागल्या होत्या. इथे पिशवीभर तांदळापेक्षा बरोबर बसणारा माणूस जास्त हवा आहे. आणि तो माणूस एकटा काकांसारखा असून भागणार नाही, कारण काकांना कागद वाचता येतो पण भिलाली येत नाही. वॉचमनचं उलट. दोघादोघांनी जाण्याची १८३३ची रीत इथे आपोआपच लागू झाली.

मागचे बाक

पुढच्या सभेत काकांनी ठराव मांडला की वॉचमनला सभासद करून घ्यावं. खोलीत शांतता पसरली. एका ज्येष्ठानं अगदी सभ्य भाषेत विचारलं, "जो आपल्याकडून मदत घेतो, तो मदत देणारा कसा होईल?" यावर नियमावलीत कुठलीही आडकाठी नव्हती. होती ती सवय. हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नाही. पन्नास वर्षं त्यानं स्वतःच्या पगारातून थैलीत पैसे टाकले आहेत. पण गट का आटला याचं उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. नवे सभासद कुठे शोधायचे म्हणून जे डोकं खाजवत होते, त्यांच्याच मिस्सात मागचे तीन-चार बाक झाबुआकडच्या पोरापोरींनी भरलेले असत. नर्सिंगला आलेल्या मुली, पीथमपूरच्या कारखान्यांत ठेक्यावर काम करणारी मुलं. झाबुआ २००२ साली वेगळा धर्मप्रांत झाला, त्याआधीपासून तिथल्या गावांत चर्च रुजलेलं आहे. ही मुलं जन्मापासूनची कॅथलिक. इंदूरच्या पॅरिशला मात्र ती अजून पाहुणी वाटत होती.

फादरांनी मध्यममार्ग काढला. आधी सभासद करायचं नाही, आधी कामाला न्यायचं. ज्याला यायचंय त्यानं तीन महिने आठवड्यातून एकदा एमवायच्या आवारात जोडीनं यायचं. एक जण कागद वाचणारा, एक जण बोली जाणणारा. वॉर्डात शिरायचं नाही, डॉक्टरांच्या कामात पडायचं नाही, औषध सुचवायचं नाही. फॉर्म नाही, वर्गणी नाही. तीन महिन्यांनंतरही जो येत राहील त्यालाच विचारायचं, राहतोस का?

ही गाळणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. दारातल्या टेबलानं जे साधलं नाही ते हिनं साधलं, आणि जे हौशी होते ते कुणाचाही अपमान न होता गळून गेले. जोडीत एक म्हातारा आणि एक तरुण असल्यानं ज्येष्ठांनाही काम मिळालं. ज्यांना चालवत नाही ते फोनवर बसले: कुठल्या खिडकीवर काय मिळतं, कुठल्या दिवशी कोणती ओपीडी, याची माहिती तेच जमवून ठेवतात. शेजारच्या वसाहतीतल्या एक निवृत्त परिचारिका, मराठी, गणपतीला घरी पाच दिवस आरत्या करणाऱ्या, त्याही नेमानं येतात. त्या सभासद नाहीत आणि व्हायचंही नाही. पण केसपेपर वाचायला त्यांच्याइतकं तयार माणूस गटात दुसरं नाही. मतदान सभासदांपुरतं, फेरी सगळ्यांसाठी खुली, असं ठरलं आहे.

रक्ताचं कामही याच फेऱ्यांतून निघालं. रुग्णाला रक्त लागतं तेव्हा गावाकडून आलेले नातेवाईक घाबरतात. अशक्तपणा येईल, मजुरी बुडेल. नर्सिंगच्या एका मुलीनं व्हॉट्सअॅपवर यादी केली: नाव, रक्तगट आणि शेवटचं रक्तदान कधी. हा तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण दोन रक्तदानांत पुरुषानं ९० आणि बाईनं १२० दिवस थांबायचं असतं. त्यामुळे उत्साहाच्या भरात सगळे एकाच दिवशी जाऊन पुढचे तीन महिने यादी कोरडी राहण्याचा प्रकार टळला. पॅरिशमधली जी मुलं सभेला फिरकत नव्हती ती या यादीत आली, आणि त्यातली काही फेरीलाही येऊ लागली.

प्रार्थना कुठे करायची

इथे खरा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या सेवेकडे संशयानं पाहण्याला जुना इतिहास आहे. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६चा, धर्मांतराविषयीचा पहिला कायदा १९६८चा, आणि त्याच्या जागी आलेला धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम २०२१चा. यातली प्रलोभनाची व्याख्या रुंद आहे, भेटवस्तू आणि आर्थिक लाभ त्यात येतात. व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल तर शिक्षा दोन ते दहा वर्षांची. आमच्या फेरीत भेटणारे बहुतेक आदिवासी, आणि मदत करणारेही. एखाद्यानं खाटेशेजारी मोठ्यानं प्रार्थना केली आणि कुणी मोबाइलवर चित्रण केलं, तर गट उरणार नाही. तो रुग्णही नाहक भरडला जाईल.

म्हणून शिस्त ठरली. हातात काही द्यायचं नाही. पवित्र चित्र नाही, पदक नाही, जपमाळ नाही, पुस्तिका तर नाहीच. गळ्यातला क्रूस लपवायचा नाही आणि दाखवायचाही नाही. कुणाला जात-धर्म विचारायचा नाही. पैसे द्यायची वेळ आली तर औषधाच्या दुकानात थेट भरायचे आणि पावती ठेवायची. एखाद्या रुग्णानं स्वतःहून 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर 'हो' म्हणायचं, आणि ती चॅपेलमध्ये परतल्यावर करायची.

सभ्य भाषेत प्रश्न विचारणाऱ्या त्याच ज्येष्ठांनी इथेही मुद्दा काढला: "मग आपल्यात आणि एखाद्या एनजीओत फरक काय?" हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. श्रद्धा बाजूला ठेवून नुसती कामं करत राहिलेले गट मी पाहिले आहेत. काही वर्षांत ते कामही ठेवत नाहीत.

फादरांनी उत्तर दिलं नाही, वेळापत्रक बदललं. फेरीला निघण्याआधी चॅपेलमध्ये अर्धा तास. येत्या रविवारचं शुभवर्तमान हिंदीत वाचायचं, मग गप्प बसायचं. प्रवचन नाही. फेरीहून आल्यावर पुन्हा दहा मिनिटं: प्रत्येकानं एका माणसाविषयी एक वाक्य सांगायचं आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे ख्रिस्तालाच भेटायला जाणं, असं मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. ते आमच्यापैकी प्रत्येकानं शंभरदा ऐकलं असेल, पण ऐकून लगेच रिक्षात बसून एमवायला जाणारे थोडेच. पीथमपूरचा एक मुलगा मला म्हणाला की सभेतली प्रार्थना त्याला सुरुवात करायची म्हणून केल्यासारखी वाटायची. ही मात्र लागते. फेरीतलं जे बघवत नाही ते ठेवायला जागा लागते.

२५ फेब्रुवारीला गट उदयनगरला जातो, धन्यवादित राणी मारिया यांच्या कबरीपाशी. देवास जिल्ह्यातल्या त्या भागात सिस्टर राणी मारिया भूमिहीनांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी झटत होत्या. सरकारी योजना, बँकेचं कर्ज, अर्ज, कागद, हेच त्यांचं काम. १९९५ साली याच तारखेला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग याला त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, पुढे तुरुंगात जाऊन राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केलं गेलं. भिल्ल मुलांना ही गोष्ट लहानपणापासून पाठ असते. आमच्या ज्येष्ठांना हुतात्मापण माहीत होतं, त्यामागचे अर्ज आणि कर्जाचे कागद माहीत नव्हते. सचिवकाकांना मात्र तोच भाग फार आवडला.

वहीत काय बदललं

दाखल करून घेण्याची पद्धत आधी बदलली. पूर्वी नवा सभासद त्या मागच्या खोलीत शपथ घ्यायचा, त्याच्या बायकोलासुद्धा कळायचं नाही. आता २७ सप्टेंबरच्या, म्हणजे संत व्हिन्सेंटच्या सणाच्या जवळच्या रविवारी भर मिस्सात, घरच्यांसमोर. अमेरिकेतला नाइट्स ऑफ कोलंबस हा कॅथलिक पुरुषांचा बंधुसंघ १८८२ साली फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी सुरू केला. त्यांचे दीक्षाविधी शंभराहून अधिक वर्षं बंद दाराआड चालत. २०२०पासून त्यांनीही एकत्रित विधी कुटुंबासमोर खुला केला. फादरांनी हे उदाहरण दिलं तेव्हा विरोध जरा मावळला. वॉचमननं जेव्हा वेदीसमोर उभं राहून वचन दिलं, तेव्हा मागच्या बाकांवरचे सगळे उभे राहिले होते. तसं ठरलेलं नव्हतं.

बायकांचं म्हणाल तर संस्थेत त्यांना १९६७पासून रीतसर जागा आहे. आमच्या गटात त्या समोसे तळत होत्या. आता सभासदांत मुली जास्त आहेत आणि समोसे बाहेरून येतात.

सभा महिन्याची होती ती पंधरवड्याची झाली, पण पाऊण तासात संपते. इतिवृत्त हिंदीत, एका पानाचं. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द लिहायचा नाही असा काकांचा हुकूम आहे. थैली अजून फिरते, आणि कोण किती टाकतो हे अजून कुणी पाहत नाही. पासबुकातली शिल्लक पूर्वीपेक्षा कमी आहे. हिशेब पाहणारा म्हणून मला ते चांगलं लक्षण वाटतं, पॅरिश कौन्सिलमधल्या सगळ्यांनाच तसं वाटत नाही.

जे जमलेलं नाही

रेशनवाटप बंद करण्याचा निर्णय घाईचा होता. यादीतल्या दोन-तीन विधवा म्हाताऱ्या खरंच त्या पिशवीवर अवलंबून होत्या. त्यांनी तक्रार केली नाही, त्या फक्त यायच्या थांबल्या. आता त्यांच्या घरी जोडी जाते, पण मधले महिने गेले ते गेले. दोन ज्येष्ठ सभासद सोडून गेले. एक परत आले, एक नाही.

मुलं टिकत नाहीत ही दुसरी अडचण. नर्सिंग संपलं की मुलगी अहमदाबादला नाहीतर पुण्याला जाते, ठेका संपला की पीथमपूरचा मुलगा गावी. भगोरियाच्या, म्हणजे आदिवासींच्या जत्रेच्या दिवसांत, होळीच्या आधीच्या आठवड्यात, फेरीला बोली जाणणारा एकही माणूस नसतो. शेवटी चादरीवर बसलेल्यांपैकीच कुणाला तरी दुभाषा करावं लागतं. यावर उपाय सापडलेला नाही.

आणि पदाधिकारी. नियमावलीत पदांची मुदत आहे, आमच्याकडे ती कुणी पाळली नव्हती. या खेपेला निवडणूक झाली आणि रक्ताची यादी करणारी ती मुलगी खजिनदार झाली. बँकेत सही बदलायला गेले तर स्थानिक पत्त्याचा पुरावा मागितला. ती भाड्याच्या खोलीत तिघींबरोबर राहते, घरमालक करारनामा करून देत नाही, आधारवर झाबुआचा पत्ता. सचिवकाकांनी वहीचं पान फाडलं आहे आणि क्रमानं लिहून दिलं आहे, आधी कुठे जायचं, तिथे काय मागायचं. तोवर चेकवर सही त्यांचीच चालते.